शस्त्राचें आयुष्य



सेवाग्राम ज्या जिल्ह्यांत आहे त्या जिल्ह्यांतील एका वृद्ध शिक्षकानें रिव्हॉल्वरांच्या टिकाऊपणाविषयीं बोलावयास बसावें, ह्याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. परंतु महात्माजी १९३६ सालीं ज्या वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत राहावयास आले, त्याच जिल्ह्यांत पुलगांवचें दारूगोळ्याचें प्रचंड कोठारही आहे. माझें घर देवळीस. तेथून पुलगांव फार दूर नाहीं. त्यामुळें शस्त्र हा विषय आम्हां लोकांना केवळ पुस्तकांतला राहिलेला नाहीं. एका रात्रीं तो आमच्या घरांचीं तावदानें वाजवून गेला. तो प्रसंग शेवटीं सांगेन.

मीं आज हा विषय घेतला ह्याचें निमित्त मात्र निराळें आहे. सेवानिवृत्त होण्यापूर्वीं एकदां आठव्या इयत्तेंत इतिहासाचा तास घेत असतां एका मुलानें उठून विचारलें, "गुरुजी, मॅग्नम रिव्हॉल्वरांमध्यें सर्वांत टिकाऊ कोणतें?" चित्रपटांत पाहिलेलें तें नांव त्याच्या डोक्यांत घोळत असावें. वर्ग हंसला, आणि मींही त्याला "खालीं बैस" एवढेंच म्हटलें. शिक्षकानें मुलाचा प्रश्न असा दाबून टाकणें बरें नव्हे, ही टोंचणी मला पुढें पुष्कळ दिवस राहिली. प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता. त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां बंदुकीच्या साऱ्या इतिहासाचें मर्म त्यांत आहे असें मला दिसून आलें.

शस्त्र किती टिकेल हें नुसत्या पोलादावर ठरत नाहीं. त्या पोलादाच्या पोटांत किती जोराची दारू पेटवावयाची, ह्यावर तें ठरतें. आणि इतिहास असें सांगतो कीं, दारू नेहमीं पुढें धांवली आणि पोलाद तिच्या मागून आलें. ह्या दोहोंमधील अंतरांत जो माणूस सांपडला, त्यानें त्याची किंमत भरली.

आपल्या महाराष्ट्रांतल्या तोफेपासूनच आरंभ करूं. विजापूरच्या तटावर 'मलिक-ए-मैदान' नांवाची जी सुप्रसिद्ध तोफ आहे ती मूळची आपल्या अहमदनगरची. १५४९ सालीं निजामशाहींत ती ओतली गेली, पुढें परांड्याच्या किल्ल्यांत राहिली आणि १६३२ सालीं विजापुरास नेण्यांत आली. तिचें वजन सुमारे ५५ टन भरतें. तिच्या तोंडाचा बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर असून आंतील पोकळी सुमारे ७० सेंटिमीटरांची आहे. म्हणजे त्या दीड मीटरांतील निम्म्याहून अधिक जागा एकट्या भिंतीच्या जाडीनें व्यापली आहे. १८५४ सालीं ही तोफ लिलावांत अवघ्या दीडशे रुपयांस गेली होती, पण तो लिलाव पुढें रद्द झाला म्हणून ती भट्टींत जाण्याचें टळलें. पावणेपांचशें वर्षें ती टिकली ह्याचीं कारणें उघड आहेत. धातू कांशाच्या जातीचा, तो लोखंडासारखा गंजत नाहीं. भिंत जाड. आणि असली अवजड तोफ डागण्याचे प्रसंगही क्वचितच येत. जो कमी खातो तो फार जगतो, हें आपल्या वडीलधाऱ्यांचें म्हणणें तोफेलाही लागू पडतें.

उलट बाजूचें उदाहरण स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स ह्याचें आहे. त्याला तोफांचा मोठा शौक. १४६० सालीं रॉक्सबरोच्या वेढ्यांत तो आपल्याच एका तोफेशेजारीं उभा असतां ती फुटली, आणि शत्रूची एकही गोळी न लागतां राजा ठार झाला. आपल्या झाडीपट्टींत ज्या ठासणीच्या बंदुकीस लोक 'भरमार' म्हणतात तिचाही धोका ह्याच जातीचा असतो. नळी जुनी, दारूचें माप मुठीचें किंवा डोळ्याचें, आणि 'आज जनावर मोठें आहे' म्हणून चिमूटभर अधिक ठासण्याचा मोह. बंदूक बिघडते ती ह्या मोहामुळें.

आतां रिव्हॉल्वराकडे वळूं. आपल्याकडे जुनीं माणसें त्याला 'सहाबारी' म्हणत. सॅम्युएल कोल्ट ह्या अमेरिकन गृहस्थानें १८३६ सालीं त्याचें पेटंट तेथें मिळविलें. नळी एक आणि तिच्यामागें फिरणारी चक्री. चक्रींत पांच-सहा घरें, प्रत्येक घरांत एक बार. आपल्या विहिरीवरील रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणा. माळेंतलें प्रत्येक गाडगें नेमकें पन्हळीसमोर आलें तरच पाणी पन्हळींत पडतें, नाहीं तर बाहेर सांडतें. तसेंच येथें चक्रीचें प्रत्येक घर नळीच्या अगदीं समोर येऊन घट्ट थांबलें पाहिजे. तें केसभर जरी चुकलें तरी गोळी नळीच्या कडेवर घांसून जाते. शिवाय चक्री आणि नळी ह्यांमध्यें बारीक फट ठेवावीच लागते, कारण तीवांचून चक्री फिरणार नाहीं. त्या फटींतून प्रत्येक बारास तापलेला वायु उसळतो. थांबण्याची जागा झिजणें आणि फटीजवळचें पोलाद भाजणें, हे दोन रोग रिव्हॉल्वराच्या जन्माबरोबरच आलेले आहेत.

१८४७ सालीं कोल्टनें कॅप्टन वॉकर ह्यांच्या सूचनेवरून लष्करासाठीं एक दांडगें रिव्हॉल्वर तयार केलें. वजन दोन किलोंहून अधिक, आणि प्रत्येक घरांत ६० ग्रेन, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, काळी दारू मावे. त्या काळीं एवढ्या जोराचें हातांत धरावयाचें रिव्हॉल्वर दुसरें नव्हतें. अशीं सुमारे ११०० बनलीं, पण त्यांतील कित्येकांच्या चक्र्या फुटल्या. त्या दिवसांतील लोखंडाला तेवढा जोर सोसवेना. पुढच्याच वर्षीं कोल्टनें चक्री आंखूड केली आणि दारूचें माप घटविलें. मॅग्नमचा पुढचा सारा इतिहास ह्या एका घटनेंत बीजरूपानें आलेला आहे. आधीं जोर वाढविला, मग शस्त्र फुटलें, मग शहाणपण आलें.

१८५१ सालीं लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत कोल्टचें रिव्हॉल्वर मांडलें होतें, आणि रॉबर्ट ॲडम्स ह्या इंग्रज कारागिराचेंही होतें. कोल्टच्या रिव्हॉल्वरांत चक्रीच्या माथ्यावर कांहींच नसे, आणि नळी एका पाचरीनें पुढें जोडलेली असे. ॲडम्सनें नळी आणि चौकट एकाच लोखंडांतून घडविली, आणि चक्रीच्या वरून एक पट्टी नेऊन चौकट चारी बाजूंनीं बंद केली. दाराची चौकट तीन बाजूंची असली तर ती कालांतरानें तिरकी होते, पण उंबरठा बसवला म्हणजे काटकोनांत राहते, हें कोणताही सुतार सांगेल. कोल्टच्या कारखान्यानेंही १८७३ च्या आपल्या नव्या रिव्हॉल्वरांत ही वरची पट्टी घेतली. इंग्रजी अमलांत हिंदुस्थानांत जें वेब्ली रिव्हॉल्वर अधिकाऱ्यांच्या कमरेस दिसे, तें मात्र मधोमध बिजागरीवर मोडून उघडत असे. काडतुसें झटपट भरण्यास हें फार सोयीचें. पण बिजागरी आणि खिट्टी हीं दोन झिजणारीं स्थळें त्यांत वाढलीं. तरीही वेब्ली दीर्घायुषी ठरलें, कारण त्याचें काडतूस सौम्य होतें. चौकट दुबळी असूनही शस्त्र टिकलें, कारण त्याच्याकडून झेपेल एवढेंच काम घेतलें गेलें.

मध्यंतरीं १८८४ सालीं फ्रान्समध्यें बिनधुराची दारू निघाली. काळ्या दारूपेक्षां तिच्या अंगीं जोर पुष्कळच अधिक. जुन्या रिव्हॉल्वरांत ती घालणें धोक्याचें होतें. १८७३ च्या नमुन्याचें कोल्ट रिव्हॉल्वर नव्या दारूस योग्य आहे, अशी हमी द्यावयास त्या कारखान्याला विसावें शतक उजाडावें लागलें. येथेंही दारू आधीं आली आणि पोलाद मागून आलें.

आतां मॅग्नम. १९३५ सालीं स्मिथ अँड वेसन ह्या अमेरिकन कारखान्यानें '.३५७ मॅग्नम' ह्या काडतुसाचें रिव्हॉल्वर विक्रीस आणलें. मॅग्नम हा लॅटिन शब्द, अर्थ मोठें. गोळीचा व्यास जुन्या '.३८ स्पेशल' काडतुसाच्या गोळीएवढाच, दारूचा दाब मात्र आजच्या मापाप्रमाणें सुमारे दुप्पट. ह्या ठिकाणीं कारखान्यानें एक शहाणपणाची गोष्ट केली, ती मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. नव्या काडतुसाचें टोपण जुन्यापेक्षां सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवलें. त्यामुळें जुनें सौम्य काडतूस नव्या रिव्हॉल्वरांत चालतें, पण नवें जोरकस काडतूस जुन्या दुबळ्या रिव्हॉल्वराच्या घरांत पुरतें शिरतच नाहीं. 'सावध राहा' अशा शंभर पाट्या लावण्यापेक्षां चूक घडूंच नये अशी योजना करणें केव्हांही श्रेष्ठ. शिवाय हें पहिलें मॅग्नम मोठ्या चौकटीवर बांधलें होतें. त्याचें वजन सव्वा किलोच्या आसपास. तें फार टिकलें.

परंतु सव्वा किलोचें लोखंड दिवसभर कमरेस वागविणें पोलिसांना जड होई. तेव्हां १९५५ च्या सुमारास त्याच कारखान्यानें तोच जोर मध्यम चौकटींत बसविला. हें पुढें 'मॉडेल १९' ह्या नांवानें गाजलें. वजन सुमारे एक किलो. ही चौकट मुळांत जुन्या .३८ काडतुसासाठीं आंखलेली होती. नळीचें जें टोंक चक्रीसमोर येतें, त्याला आपण नळीचा कंठ म्हणूं. ह्या चौकटींत चक्रीच्या दांड्यास जागा करून देण्यासाठीं कंठाची खालची बाजू थोडी तासून सपाट करावी लागे, आणि तेवढ्या जागीं धातू पातळ उरे. पोलीस सरावाला सौम्य काडतुसें वापरीत आणि मॅग्नम केवळ प्रसंगासाठीं जवळ बाळगीत, तोंवर सर्व ठीक चाललें. पुढें १९७० नंतर अनेक ठिकाणीं सरावही त्याच जोरकस काडतुसांनीं होऊं लागला. त्यांत ८ ग्रॅमची हलकी आणि वेगवान गोळी आली. तिच्यामागची दारू अधिक, आणि वायूचा भडकाही अधिक. कांहीं रिव्हॉल्वरांच्या कंठास नेमक्या त्या पातळ जागीं तडे गेले. तेव्हां १९८० च्या सुमारास कारखान्यानें मध्यम आणि मोठी ह्यांच्या मधल्या मापाची नवी चौकट काढली, तिच्यांत कंठ पुरा गोल आणि जाड ठेवला. 'मॉडेल ६८६' हें त्या घरचें रिव्हॉल्वर आजही टिकाऊ म्हणून वाखाणलें जातें. वॉकरची गोष्ट अशी सव्वाशें वर्षांनंतर पुन्हां घडली.

'.४४ मॅग्नम' ची हकीकत ह्याहून वेगळी नाहीं. १९५५ च्या अखेरीस तें निघालें, तें मोठ्या चौकटींत. शिकारी माणूस वर्षाकांठीं थोडे बार काढी, तोंवर तक्रार नव्हती. पुढें दोनशें मीटरांवरील लोखंडी आकृती पाडण्याच्या स्पर्धा निघाल्या. एकेक स्पर्धक जड गोळ्यांचे हजारों बार काढूं लागला, आणि चक्रीच्या खोबणी व खिट्ट्या सैल पडूं लागल्या. कारखान्यानें १९८० नंतरच्या दशकांत खोबणी लांब करून ती खोड काढली.

ह्या स्पर्धेंत रूगर ह्या कारखान्यानें निराळी वाट धरली. त्याचें 'सिक्युरिटी-सिक्स' १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आलें, 'रेडहॉक' १९७९ सालीं आणि 'जीपी १००' १९८५ सालीं. रूगरच्या चौकटी ठोकून घडविलेल्या नसतात. मेणाचा नमुना करून, त्यावर साचा चढवून, मेण वितळवून काढून त्या ओतलेल्या असतात. हें ऐकून कोणी नाक मुरडूं नये. ही मेणाची विद्या आपल्याकडे फार प्राचीन आहे. चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मूर्ति ओतण्याची हीच रीत वर्णिली आहे. रूगरनें चौकटीची भिंत जाड ठेवली. शिवाय इतरांच्या चौकटींत आंतील यंत्र बसविण्यासाठीं एका बाजूस झांकण असतें, तेंही ह्यानें काढून टाकलें. छिद्र नसलेला माठ अधिक टिकावा त्यांतलाच हा प्रकार. ह्याउलट १९५५ चें कोल्टचें 'पायथन' पाहावें. त्याचें यंत्र कारागीर हातानें घांसून जुळवीत. बार उडतेवेळीं चक्री अगदीं घट्ट धरून ठेवण्याची त्यांत युक्ति होती, म्हणून नेम उत्तम लागे. पण तो घट्टपणाच ज्या लहान भागावर पडे तो झिजला म्हणजे चक्री वेळेवर जागीं येईना, आणि पुन्हां जुळवणी करावयास तसा कारागीर शोधावा लागे. २०२० सालीं कोल्टनें पायथन पुन्हां काढलें, तें हें यंत्र सोपें करूनच.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें. नित्य जोरकस बार काढावयाचे असतील तर जड चौकटीचें, जाड कंठाचें आणि थोड्या भागांचें रिव्हॉल्वर अधिक टिकेल. रूगर आणि मॉडेल ६८६ ह्या वर्गांतलीं आहेत. मॉडेल १९ सौम्य काडतुसांवर जन्मभर साथ देईल. पायथन जपणाऱ्याच्या हातीं टिकेल. टिकाऊपणा हा वस्तूचा एकटीचा गुण नाहीं, तो वस्तु आणि तिच्यावर टाकलेलें ओझें ह्यांच्या नात्याचा गुण आहे. बैलाची ताकद गाडींतला माल पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

आपल्या देशांत परवान्यानें जें रिव्हॉल्वर बहुधा मिळतें, तें कानपूरच्या सरकारी कारखान्याचें .३२ चें, वेब्लीच्याच वळणावर बेतलेलें. तें सौम्य, आणि त्याचे बारही क्वचितच निघतात. तें झिजून मरत नाहीं. तें मरतें गंजानें. आपल्या पावसाळ्यांत चामड्याच्या म्यानांत घालून तें कपाटांत ठेवतात. चामडें ओल धरतें, आणि मालकाला वाटतें कीं वस्तु जपून ठेवली आहे. परंतु त्याहून मोठा धोका काडतुसाचा. पोलादाला तेल पुसतां येतें, दारूला कोण पुसणार? बिनधुराची दारू हळूहळू आपोआप कुजत असते. ती कुजणें लांबवावें म्हणून तींत एक द्रव्य मिसळतात, पण तेंही कालांतरानें संपतें. जुन्या काडतुसाचा बार कधीं कधीं फुसका निघतो आणि गोळी नळींत अडकून राहते. तें न कळून दुसरा बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. दोष तेव्हां दारूचा असतो, आणि नांव मात्र नळीचें होतें.

आतां पुलगांवाकडे येतों. वरील एका काडतुसाची गोष्ट लाखोंनीं गुणली म्हणजे कोठार होतें. २०१६ सालच्या मे महिन्याची ३० तारीख संपून ३१ लागली, त्या मध्यरात्रीं पुलगांवच्या कोठारांत आग लागून स्फोट झाले. आमच्या घराचीं तावदानें हादरलीं. मीं प्रथम भूकंप समजलों. मग पश्चिमेकडील आकाश तांबडें दिसलें. आगरगांव आणि आसपासच्या गांवांतील लोक लेंकरें काखेंत घेऊन अंधारांत रस्त्यानें निघाले. त्या आगींत १९ जणांचे प्राण गेले. आग विझवावयास जे पुढें धांवले त्यांचा त्यांत मोठा भरणा होता. रणगाड्यांविरुद्ध पुरावयाच्या सुरुंगांतून टी.एन.टी. पाझरूं लागलें होतें, हें कारण पुढें प्रसिद्ध झालें. सुरुंगाचें कवच उभें होतें. आंतलें द्रव्य मात्र स्वस्थ राहिलें नव्हतें.

दोन वर्षांनंतर, २० नोव्हेंबर २०१८ रोजीं, जवळच्याच सोनेगांव आबाजीच्या माळावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचें काम चाललें असतां स्फोट होऊन ६ माणसें दगावलीं. पेट्या उतरवावयास आलेले कांहीं मजूर आसपासच्या खेड्यांतलेच होते. त्या टापूंतलीं मुलें वर्षानुवर्षें माझ्यासमोर बाकांवर बसलेलीं आहेत. तोफेचा भार किती, दाब म्हणजे काय, हें मीं त्यांना शिकविलें होतें. दारू म्हातारी होते, हें मात्र मीं कधीं शिकविलें नाहीं. तें पाठ्यपुस्तकांत नव्हतें, ही माझी सबब. ती मला स्वतःलाच पुरेशी वाटत नाहीं.

म्हणून तो मुलगा आज कोठें असेल तेथें त्यानें हें ऐकावें. बाळ, तुझा प्रश्न अर्धा होता, आणि मीं तो पुरा करून द्यावयास हवा होता. सर्वांत टिकाऊ शस्त्र कोणतें, एवढेंच विचारूं नये. त्यांत भरलेलें काय आहे, तें किती वर्षें शांत राहील, आणि तें म्हातारें झाल्यावर उचलून नेण्याचें काम कोणाच्या हातीं येईल, हेंही विचारावें. पोलादाचें आयुष्य कारखानदार वाढवितात, त्याच्या जाहिरातीही निघतात. दारूच्या आयुष्याची नोंद कोठें तरी एका वहींत असते. ती वही वेळेवर उघडली गेली तर माणसें वांचतात.